जी साक्ष तू दिली नाहीस

अण्णा, तुला मातीत ठेवायच्या आधी पास्टर सात मिनिटं बोलले. मी घड्याळ पाहिलं, ती कामाची सवय आहे. सातपैकी पाच मिनिटं तुझ्या बाप्तिस्म्यावर गेली. नदीचं पाणी किती गार होतं, बाहेर आल्यावर तू कसा रडलास. मग ते म्हणाले, "आमच्या या भावाचं त्या दिवशी तारण झालं." जमलेल्यांनी आमेन म्हटलं.

मी म्हटलं नाही. मी तुमच्या मंडळीतली नाही, हे एक कारण. दुसरं असं की त्यांनी बातमी चुकवली होती. माणूस पाण्यातून बाहेर आला, ही फार तर पहिली ओळ. पुढची अठरा वर्षं त्यानं रोज काय केलं, ती बातमी. ती मला पाठ होती. पण ती सांगायची तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून मी हात बांधून उभी राहिले.

आता सांगते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तुझ्यासमोर मी ते कधी मान्य केलं नाही, एवढंच.

निपाणीत तू विडी कारखान्याच्या शाखेत माल तपासणारा चेकर होतास. आई त्याच शाखेचं पान आणि तंबाखू घरी आणून विड्या वळायची. सकाळी बायका तयार माल घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. तू कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, उचलायचास, अंगठ्याखाली दाबायचास, आणि मनाला येईल तो बाजूच्या टोपलीत फेकायचास. त्याला छाट म्हणत. छाट झालेली विडी बाईला परत मिळत नसे. तिची मेहनत जायची आणि माल मालकाकडंच राहायचा.

त्या दिवशी रांगेत आईच्या पुढं शेजारची मालूआक्का होती. तिचा एक कट्टा तू छाटलास, तशी ती म्हणाली, "आता आईचा माल बघू. तिथं बोटं मऊ पडत्यात व्हय रं?" सगळ्या हसल्या. तू आईचे चार कट्टे घेतलेस, दाबूनसुद्धा पाहिले नाहीस. चारही टोपलीत टाकलेस आणि म्हणालास, "म्हातारे, डोळं गेलं असतील तर घरात बस." त्यावर कोणी हसलं नाही.

आईनं घरी येऊन सूप भिंतीला टेकवलं आणि मला सगळं सांगितलं. मी तेव्हा नवी बातमीदार होते, निपाणीहून बातम्या पाठवायची. आई रडत होती आणि माझ्या डोक्यात मथळा तयार होत होता. तिसऱ्या दिवशी छाटीवरची माझी बातमी आली. शाखेचं नाव नव्हतं, आईचं नव्हतं, तुझं नव्हतं. एक वाक्य मात्र होतं, की एका महिलेचे चार कट्टे तिच्या चेकर मुलानंच फेकले. अशी आई आणि असा मुलगा निपाणीत एकच जोडी होती. मालकाला कळायला अर्धा दिवस लागला.

त्यानं तुला बोलावून पेपर पुढं टाकला आणि आईचं कार्ड बंद केलं. कार्ड गेलं म्हणजे पान गेलं, तंबाखू गेली, विडी कामगारांच्या दवाखान्यातलं औषधही गेलं. आईची समजूत झाली की चारचौघींत तोंडघशी पडलास म्हणून तूच मालकाच्या कानाला लागलास. तिला वाचता येत नाही, गल्लीतल्या बायकांनाही नाही. पोरीनं बायकांसाठी पेपरात लिहिलं, एवढं तिला माहीत होतं आणि ते ती गल्लीभर सांगत होती. त्यात तिचीच गोष्ट आहे, हे मी तिला सांगितलं नव्हतं. छापायच्या आधी विचारलंही नव्हतं. खरं काय ते सांगू शकतील अशी दोनच माणसं होती. तू आणि मी. दोघंही गप्प बसलो.

महिन्याभरात मला बेळगावच्या मुख्य कचेरीत घेतलं. त्या बातमीमुळेच. वडगावात मी खोली घेतली. खालच्या घरात दोन माग चालायचे, दिवसभर भिंत हलायची. आई निपाणीतच राहिली. तिनं तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्यात निम्मा वाटा माझा आहे, हे मी मागाच्या आवाजात सहज विसरू शकत होते.

चार वर्षांनी तू एका टेम्पोवाल्याबरोबर प्रार्थनेला जायला लागलास आणि वर्ष संपायच्या आत ख्रिस्ती झालास. मी खास भांडायला निपाणीला आले होते. आपलं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तो ताठ मानेनं उभं राहण्यासाठी. "तू कशासाठी बदललास?" मी विचारलं.

"ताठ हुभं ऱ्हायाला त्येंनी शिकवलं," तू म्हणालास. "आनि मी ताठच ऱ्हायलो की गं, शोभे. आईपुढं बी. मला वाकायचं शिकायचं हाय."

"ते विहारात शिकवत नाहीत?"

"शिकवत असतील. मी तवा ऐकत न्हवतो."

मला या उत्तराचा राग आला, कारण त्यात खोडायला काही नव्हतं. म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली. एका दिवसात पाण्यात बुडून माणूस बदलतो, यावर माझा विश्वास नाही, म्हणाले. तू हसलास. "माझा तरी कुटं हाय? तारण म्हंजी आंघोळ झाली. पन रोज सकाळी तोंड धुवायला लागतंयच की."

तुझं तोंड धुणं कसं असायचं, ते मला वहिनीनं सांगितलं. उजाडल्यावर तू बायबल उघडून दहा-बारा ओळी वाचायचास. मग मिटून ठेवायचास आणि काल काय चुकलं ते एकच काहीतरी तिला सांगायचास, आणि त्या दिवशी ते निस्तरायला जायचास. वहिनीचा पहिल्या वर्षी यावर फार विश्वास नव्हता. "चहा गार असला तर बशी अजून आदळतंय," ती म्हणाली. "फकस्त आता आदळल्यावर पुसतंय." दोन वर्षांनी मी पुन्हा विचारलं, तेव्हा ती विचार करून म्हणाली, "बशी आदळल्याली आठवत न्हाय बघ." माझ्या धंद्यात याला दुजोरा म्हणतात. तो मी घेतला आणि कुठंच वापरला नाही.

चेकरची नोकरी तू सोडलीस. भाजीचा गाडा घेतलास, आणि गाडा फिरवता फिरवता एकेका बाईच्या दारात उभा राहायला लागलास. जिचा माल उगाच फेकला होता, जिला वाईट बोलला होतास, तिच्यासमोर. रोज एकच दार. बायकांनी तुला काय कमी छळलं? "आला गं येशूचा चेकर!" म्हणून ओरडायच्या. मालूआक्का तर म्हणाली, "तुझ्या देवानं तुला पास केला? आमी असतो तर छाटीत टाकला असता." तू म्हणालास, "टाकायलाच पायजे हुता, आक्का." ती मला म्हणाली, "आसं म्हनल्यावर फुडं भांडायचं तरी कसं?"

तू घसरायचास, तेही मी पाहिलं आहे. गाडा आडवा आला म्हणून शिव्या देणाऱ्या दुसऱ्याच एका टेम्पोवाल्याच्या तू स्टँडसमोर कानाखाली वाजवलीस. दुसऱ्या दिवशी त्याला शोधत पार संकेश्वरला गेलास. तो घाबरला, त्याला वाटलं उरलेलं द्यायला आलास. हे ऐकून मी खूष झाले होते, अण्णा. तुझ्या चुकीची वाट बघणारं तुझ्या मंडळीबाहेरचं मीच एक माणूस होते. तू खोटा निघालास असता तर माझी सोय झाली असती.

मग साक्षीचं प्रकरण झालं. तुमच्यात तारण झालेल्या माणसानं सभेत उभं राहून आपलं जुनं जिणं सांगायचं असतं, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. बेळगावजवळच्या एका गावात मंडप घातला होता. तू बोलणार म्हणून मी स्कूटर घेऊन आले आणि मागं उभी राहिले. तू टोपलीची गोष्ट सांगितलीस. चार कट्टे, "डोळं गेलं असतील", सगळं. आईचं नावही घेतलंस. लोक रडले. एका बाईनं माईकजवळ येऊन तुझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवसांत ही हकिकत निपाणीच्या गल्लीत पोचली.

आई एवढंच म्हणाली, "आदी टोपलीत टाकलं. आता माईकवर टाकलं."

मी तुझ्या घरी आले ते सरळ अंगावरच. "तिला विचारलंस?" मी म्हणाले. "तिची फजिती आहे ती. तुझी नाही. ती चारशे लोकांत वाटायच्या आधी तिला विचारलंस?"

तू भाजी निवडत होतास. तुझा चेहरा तापला, कपाळावरची शीर उठली. जुना अण्णा मला चांगला माहीत होता. मी थांबले. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याजवळ तयार होतं, दोन शब्दांचं. 'आनि तू?' मी तिला न विचारता पेपरात छापलं होतं. तू निदान स्वतःची चूक म्हणून सांगितलंस, मी बातमी म्हणून विकली, आणि कार्ड माझ्यामुळं गेलं. हे सगळं तुझ्या ओठांवर आलेलं मी पाहिलं.

तू खाली बघितलंस आणि म्हणालास, "व्हय. चुकलं."

मी तुला कधीच सांगितलं नाही, म्हणून आज सांगते. तुझ्या देवाबद्दल मला कोणी काही पटवून दिलं असेल, तर ते त्या क्षणानं. भाषणानं नाही, मंडपानं नाही. आणि त्यासाठीच मला तुझा संताप आला. तू उलट बोलला असतास तर आपण दोघं सारखे झालो असतो.

त्यानंतर तू साक्ष दिली नाहीस. पास्टर नाराज झाले, तुझी साक्ष चांगली चालायची. तू रोज सकाळी आईच्या दारात जायला लागलास. कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी भरायचं, दोन घागरी आत ठेवायच्या, एखादी मेथीची पेंडी. ती पाणी वापरायची आणि बोलायची नाही. बोललीच तर कार्डाचं बोलायची. "पानी भरून कार्ड परत येतंय व्हय?" तू घागर खाली ठेवायचास आणि निघायचास. मी हे एकदा दारात उभं राहून ऐकलं. तू माझ्याकडं बघितलंस. आरोप नव्हता त्या बघण्यात. मी आत जाऊन चहा ठेवला.

एकदाच तू विषय काढलास. सहा वर्षांपूर्वी, वडगावात माझ्या खोलीवर. खाली माग सुरू होता, म्हणून तुला मोठ्यानं बोलावं लागलं आणि ते तुला जड गेलं. "शोभे, कार्डाचं तू सांग आईला."

"तू का नाही सांगत?"

"मी सांगितलं तर माझी सुटका हुतीया. मला सुटका मिळाल्याय. तुझी ऱ्हायल्याय."

"तुझ्या सभेतली भाषा माझ्याशी वापरू नको."

"बरं. साधं सांगतो. ती तुला लई मोठी समजतीया. खोट्यावर मोठं ऱ्हायचं लई जड जातंय गं. मी केलंय ते."

मी म्हणाले, ती म्हातारी आहे, आता सांगून काय उपयोग, उगाच त्रास. तू म्हणालास, तिला त्रास होईल, तुलाही होईल, पण हलकं वाटेल. मी म्हणाले, तुम्हा लोकांना हलकं वाटण्याचीच फार घाई. तिथं तो वाद थांबला. मला वाटलं, तू पुन्हा कधीतरी काढशील. मी मुद्दे तयार करून ठेवले होते. तू काढला नाहीस. फोनवर शेवटी नुसता थांबायचास, मी काही बोलते का म्हणून, आणि मग "बरं, ठेवतो" म्हणायचास.

आज तुझ्यावर माझा राग कशाचा आहे, ते स्पष्ट लिहिते. तू मला वेळ दिलास, याचा. धाक घातला असतास, वहिनीला सांगितलं असतंस, चिडून एकदा आईसमोर ओरडला असतास, तर हे कधीच संपलं असतं. तू रोज स्वतःला बदलत राहिलास आणि मला माझ्या जागी सोडून दिलंस. तुझ्या देवाच्या राज्यात याला प्रेम म्हणत असतील. मला ती शिक्षा वाटली. आणि तरी, ती शिक्षा देताना तू स्वतः रोज दोन घागरी वाहिल्यास, हे विसरून मला रागावताही येत नाही.

मग तू गेलास. सकाळी, गाड्यावर भाजी लावता लावता. सांगायला काही ठेवलं नाहीस.

दफनभूमीत आई रिक्षातून आली, मालूआक्काचा हात धरून. मला वाटलं नव्हतं ती येईल. सगळ्यांनी मूठमूठ माती दिली. आईच्या हातात मालूआक्कानं माती दिली. ती खड्ड्याच्या कडेला आली, वाकून तुझी पेटी बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्येनं माझं कार्ड बंद केलं. मी माती देनार न्हाय." मूठ तिथंच पायाशी उघडली आणि वळली. वहिनीनं मान खाली घातली. गल्लीतल्या बायका आपसात कुजबुजल्या.

मी दहा फुटांवर होते. एक वाक्य पुरलं असतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्यांची सत्यं वेळेत छापली, मिनिटाचा उशीर होऊ दिला नाही. तिथं मला तोंड उघडता आलं नाही. तू खाली पेटीत, आणि तेव्हाही माझ्या वाटचं तूच ऐकून घेतलंस.

चौथ्या दिवशी दुपारी मी आईसमोर बसले आणि सांगितलं. बातमी, ते वाक्य, मालक, कार्ड. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली.

"मालकानं पेपर ह्येला दावला?"

"हो."

"म्हंजी ह्येला ठावं हुतं."

"होतं."

"आनि तुला?"

"पहिल्या दिवसापासनं."

ती बराच वेळ बोटांनी पदराचं टोक मुडपत राहिली, विडीचं तोंड मुडपावं तसं. "मी त्येला काय काय बोलले गं," ती म्हणाली. "रोज बोलले. त्यो काय म्हनायचा?"

उत्तर तिनंच दिलं. "काय बी न्हाय म्हनायचा."

मी पाया पडायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. "मला एकटीला सांगून सुटतीस व्हय? मयतीला गल्ली हुती. गल्लीत सांग."

मालूआक्काच्या दारातल्या दगडी कट्ट्यावर चार बायका सुपं मांडीवर घेऊन वळत बसल्या होत्या. मी उभी राहिले. आई माझ्यामागं, भिंत धरून. मी तीन वाक्यं बोलले. आईला न विचारता तिची गोष्ट मी पेपरात घातली. त्यामुळं मालकानं तिचं कार्ड बंद केलं. अण्णाला ते माहीत होतं, आणि त्यानं माझं नाव कधी घेतलं नाही.

कोणाचे हात थांबले नाहीत. विडी वळणारी बाई ऐकताना थांबत नाही. हातातली विडी पुरी करून मालूआक्का म्हणाली, "त्या पेपराचा आमाला लई अभिमान हुता गं, शोभे." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

हलकं वाटलं नाही, अण्णा. तेवढं तुझं चुकलं. घरी आल्यावर आईनं मला जेवायला वाढलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली. ती मला क्षमा करेल की नाही, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा मला हक्क नाही. मी कचेरीतून रजा घेतली आहे. सकाळी उठते, तिच्या आसपास राहते. ती आज एकदा म्हणाली, "सरक तिकडं." एवढंच बोलणं झालं.

पण कट्ट्यावरचं एक सांगायचं राहिलं. मी वळून निघाले, तेव्हा आई निघाली नव्हती. ती त्या बायकांकडं बघून, मयतीत म्हणाली होती तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "माझ्या ल्योकानं न्हवतं केलं." एकदा म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाली. "माझ्या ल्योकानं."

बावीस वर्षांत तिनं तुला हा शब्द वापरला नव्हता. तो चार बायकांनी ऐकला आणि मी ऐकला. तू चार-पाच दिवस आधीपर्यंत रोज सकाळी तिच्या दारात यायचास, आणि मी त्यातल्या कुठल्याही सकाळी बोलू शकले असते.